पायथन आणि सी यांच्या सीमेवर ऑब्जेक्टची मालकी: एक्सटेन्शन लिहिताना कोणते काम कधी करावे

सी भाषेतील लायब्ररी पायथनमधून वापरता यावी म्हणून एक्सटेन्शन मॉड्यूल लिहिणारे बहुतेक जण आधी कोड लिहितात, तो चालतो याची खात्री करून घेतात आणि मेमरीचा विचार पहिला क्रॅश झाल्यानंतर करतात. हा क्रम उलटा आहे. रेफरन्स काउंट, म्हणजे एखाद्या ऑब्जेक्टला किती ठिकाणांहून धरले आहे याची मोजणी, चुकला की त्याचा परिणाम चुकलेल्या ओळीवर दिसत नाही. तो नंतर कुठेतरी, भलत्याच फंक्शनमध्ये, कधी इंटरप्रिटर बंद होताना दिसतो, आणि तोवर मूळ कारणाचा माग लागत नाही. म्हणून मालकी कोणाची हे कोड लिहिण्यापूर्वी ठरले पाहिजे आणि तपासणीची साधने पहिल्या दिवसापासून चालू असली पाहिजेत.

हा लेख सीपायथन, म्हणजे सी भाषेत लिहिलेला नेहमीचा पायथन इंटरप्रिटर, गृहीत धरून लिहिला आहे. फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. उदाहरणासाठी एक साधी सी लायब्ररी कल्पू. तिच्यात शब्दकोशाची फाइल उघडणारे कोश_उघडा, शब्द शोधून निकालांची यादी देणारे कोश_शोधा, ती यादी मोकळी करणारे कोश_यादी_सोडा, प्रत्येक शब्दासाठी कॉलबॅक, म्हणजे आपण दिलेले फंक्शन, चालवणारे कोश_प्रत्येक आणि शेवटी कोश_बंद अशी पाच फंक्शने आहेत. सीमेवरचे जवळजवळ सगळे प्रश्न एवढ्यात येतात.

## टप्पा १: साधने आधी उभी करा

पायथनचा डीबग बिल्ड वेगळा तयार करून ठेवावा. सोर्समधून बिल्ड करताना कॉन्फिगरला विथ-पायडीबग हा पर्याय दिला की तो मिळतो. या बिल्डमध्ये एखाद्या ऑब्जेक्टचा काउंट शून्याखाली गेला तर इंटरप्रिटर तिथेच थांबतो, आणि सिस मॉड्यूलमध्ये गेटटोटलरेफकाउंट हे फंक्शन मिळते. शेवटच्या टप्प्यात ते लागणार आहे.

नेहमीच्या बिल्डवर काम करताना निदान एक्स डेव्ह हा पर्याय देऊन पायथन चालवावा. तो ३.७ पासून उपलब्ध आहे. त्याने मेमरी वाटपावरचे डीबग हुक चालू होतात. हे हुक प्रत्येक वाटपाच्या दोन्ही टोकांना ओळखीचे बाइट ठेवतात, सोडलेली मेमरी ठरावीक बाइटने भरून टाकतात आणि एका कुळाच्या फंक्शनने घेतलेली मेमरी दुसऱ्या कुळाच्या फंक्शनने सोडली तर ते पकडतात. डीबगरमध्ये पॉइंटरच्या जागी डीडी डीडी डीडी अशी हेक्स रांग दिसली, तर तुम्ही सोडून दिलेली मेमरी वाचत आहात असे समजावे.

तिसरे साधन अ‍ॅड्रेस सॅनिटायझर, म्हणजे मेमरीचा चुकीचा वापर चालतानाच पकडणारी कंपायलरची सोय. एक्सटेन्शन त्यासह कंपाइल करावे आणि चालवताना पायथनमॅलॉक या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची किंमत मॅलॉक अशी द्यावी. हे दुसरे काम बहुतेक जण विसरतात. पायथन ५१२ बाइटपर्यंतचे वाटप स्वतःच्या राखीव साठ्यातून करतो. सॅनिटायझरला त्या साठ्याच्या आतले काही दिसत नाही आणि तो सगळे ठीक असल्याचा निर्वाळा देतो. व्हॅलग्राइंड हे मेमरी तपासणारे दुसरे साधन वापरतानाही हेच करावे.

तपासणी: एक रिकामे मॉड्यूल लिहून त्यात मुद्दाम एक चूक करावी. मॅलॉकने घेतलेला तुकडा फ्री करून पुन्हा वाचावा. सॅनिटायझरने आरडाओरडा केला तरच पुढे जावे. इंटरप्रिटर स्वतः सॅनिटायझरसह बांधलेला नसेल तर त्याची रनटाइम लायब्ररी आधीच लोड करून द्यावी लागते.

## टप्पा २: मालकीचा तक्ता लिहा

लायब्ररीची हेडर फाइल उघडावी आणि सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक पॉइंटरसाठी एक ओळ लिहावी. प्रत्येक ओळीत चार गोष्टी हव्यात: मेमरी कोणी घेतली, ती कोण सोडणार, कोणत्या फंक्शनने सोडणार आणि पॉइंटर केव्हापर्यंत वैध राहणार. कोश_उघडा जो हँडल, म्हणजे उघडलेल्या कोशाचा पॉइंटर, देते तो कोश_बंद करेपर्यंत आपला. कोश_शोधा जी यादी देते ती आपण कोश_यादी_सोडा वापरून सोडायची. यादीतल्या शब्दांचे पॉइंटर मात्र कोशाच्या आतल्या साठ्याकडे बोट दाखवतात, म्हणून यादी हातात असली तरी कोश बंद झाला की ते निकामी होतात. हे शेवटचे वाक्य हेडरमध्ये सहसा लिहिलेले नसते. ते लायब्ररीचा सोर्स वाचून किंवा लेखकाला विचारून शोधावे लागते. अंदाजाने कधीही लिहू नये.

लायब्ररीला आपण जे देतो त्याचीही नोंद करावी. कोश_शोधाला दिलेली स्ट्रिंग लायब्ररी तिथल्या तिथे वापरते, तिची प्रत करते, की पॉइंटर जपून ठेवते? तिन्ही शक्यतांसाठी पुढे लिहायचा कोड वेगळा असतो.

सावधान: लायब्ररीने दिलेली मेमरी सोडण्यासाठी लायब्ररीचेच फंक्शन वापरावे, आपले फ्री वापरू नये. विंडोजवर लायब्ररी आणि एक्सटेन्शन वेगवेगळ्या सी रनटाइमशी जोडलेले असू शकतात, आणि मग दोघांचे हीपही वेगळे असतात. तसेच मॅलॉकला फ्री, पायमेम_मॅलॉकला पायमेम_फ्री आणि पायऑब्जेक्ट_मॅलॉकला पायऑब्जेक्ट_फ्री या जोड्या कधीही मोडू नयेत. पायमेम_मॅलॉक ३.६ पासून लहान तुकडे राखीव साठ्यातून देते. ते साध्या फ्रीला दिल्यास बहुधा तत्काळ क्रॅश होतो, आणि झाला नाही तर अधिक वाईट.

## टप्पा ३: प्रत्येक कॉलचा रेफरन्स कोणत्या जातीचा, ते ठरवा

पायथनच्या प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये एक काउंट असतो. पाय_इन्क्रेफ तो वाढवते, पाय_डेक्रेफ कमी करते, आणि तो शून्यावर आला की ऑब्जेक्ट त्याच क्षणी नष्ट होतो. एवढे सर्वांना ठाऊक असते. चुका होतात त्या प्रत्येक एपीआय फंक्शनचा करार वेगळा असल्यामुळे, आणि ते करार नावावरून कळत नाहीत.

पहिली जात नव्या रेफरन्सची. पायऑब्जेक्ट_गेटअ‍ॅट्रस्ट्रिंग, पायसीक्वेन्स_गेटआयटम, पायलाँग_फ्रॉमलाँग, पायऑब्जेक्ट_कॉल यांनी दिलेला रेफरन्स तुमच्या मालकीचा होतो आणि तो सोडण्याची जबाबदारी तुमची असते.

दुसरी जात उसन्या, म्हणजे बॉरोड रेफरन्सची. पायलिस्ट_गेटआयटम, पायटपल_गेटआयटम आणि पायडिक्ट_गेटआयटम उसना रेफरन्स देतात. तो सोडायचा नाही. पायसीक्वेन्स_गेटआयटम नवा देते आणि पायलिस्ट_गेटआयटम उसना. पायइम्पोर्ट_इम्पोर्टमॉड्यूल नवा देते आणि पायइम्पोर्ट_अ‍ॅडमॉड्यूल उसना. अशा जोड्या आठवणीवर सोडू नयेत. प्रत्येक कॉल लिहिताना अधिकृत दस्तऐवजात त्याच्या परताव्याची नोंद पाहावी आणि कोडमध्ये शेजारी नवा किंवा उसना अशी टिप्पणी लिहावी. हे कंटाळवाणे काम आहे, पण पुनरीक्षण करणाऱ्याला नेमका याचाच आधार मिळतो.

तिसरी जात ताबा घेणाऱ्या फंक्शनांची. पायलिस्ट_सेटआयटम आणि पायटपल_सेटआयटम तुम्ही दिलेला रेफरन्स स्वतःकडे घेतात. कॉल फसला तरीही घेतात, त्यामुळे त्यानंतर त्याला डेक्रेफ करणे ही चूक ठरते. याउलट पायलिस्ट_अपेंड आणि पायडिक्ट_सेटआयटम ताबा घेत नाहीत, स्वतःचा वेगळा रेफरन्स वाढवतात. म्हणून नवा ऑब्जेक्ट तयार करून अपेंड केल्यावर आपल्याकडचा रेफरन्स सोडलाच पाहिजे. तो न सोडणे ही माझ्या मते एक्सटेन्शनमधील सर्वांत सामान्य गळती आहे, कारण कोड पाहणाऱ्याला सगळे योग्य वाटते आणि प्रोग्राम चालतही राहतो.

पायमॉड्यूल_अ‍ॅडऑब्जेक्ट याहून वेगळे वागते: ते यशस्वी झाले तरच ताबा घेते, फसले तर रेफरन्स तुमच्याकडेच राहतो. हा करार इतक्या वेळा चुकवला गेला आहे की ३.१० मध्ये पायमॉड्यूल_अ‍ॅडऑब्जेक्टरेफ आले. ते कधीच ताबा घेत नाही. नव्या कोडमध्ये तेच वापरावे. पाय_बिल्डव्हॅल्यूमध्येही असेच दोन मार्ग आहेत: ओ हे अक्षर काउंट वाढवते, एन हे अक्षर तुमचाच रेफरन्स आत घालते. नवा तयार केलेला ऑब्जेक्ट ओने दिला आणि नंतर डेक्रेफ केला नाही तर प्रत्येक कॉलमागे एक ऑब्जेक्ट गळतो.

उसन्या रेफरन्सचा धोका थोडा जवळून पाहू. समजा तुम्ही पायलिस्ट_गेटआयटमने यादीतला पहिला घटक उसना घेतला, त्यानंतर पायथनचे एखादे फंक्शन बोलावले आणि मग तो घटक वापरला. बोलावलेल्या फंक्शनने ती यादी रिकामी केली तर घटकाचा शेवटचा रेफरन्स गेला आणि तुमच्या हातात मेलेल्या मेमरीचा पत्ता उरला. पायथनचे फंक्शन उघडपणे बोलवावे लागते असेही नाही. दुसऱ्याच एका ऑब्जेक्टवरचा डेक्रेफ त्याचे डेल मेथड चालवू शकतो आणि त्या मेथडमध्ये काहीही लिहिलेले असू शकते. तुलना, हॅश काढणे, अ‍ॅट्रिब्यूट वाचणे, या सगळ्यांतून वापरकर्त्याचा कोड चालू शकतो. म्हणून नियम असा ठेवावा की उसना रेफरन्स घेतल्यावर पुढच्याच ओळीत त्याचा वापर संपत नसेल तर पाय_न्यूरेफ करून तो आपला करावा आणि काम झाल्यावर सोडावा. ३.१३ पासून पायलिस्ट_गेटआयटमरेफ आणि पायडिक्ट_गेटआयटमरेफ ही थेट नवा रेफरन्स देणारी फंक्शने आहेत. ज्या बिल्डमध्ये गिल, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथनचा कोड चालवू देणारे लॉक, नाही तिथे दुसरा थ्रेड कोणत्याही क्षणी यादी बदलू शकतो, त्यामुळे तिथे हीच फंक्शने वापरावीत.

तपासणी: फाइलमधील प्रत्येक गेटआयटम शोधावा आणि त्याची ओळ व उसन्या पॉइंटरचा शेवटचा वापर यांच्यामध्ये कोणते कॉल येतात ते मोजावे. एकही आला तर पाय_न्यूरेफ हवा.

## टप्पा ४: त्रुटीची वाट आधी लिहा

यशाच्या वाटेवरचा काउंट बरोबर येतो, कारण ती वाट रोज चालते. त्रुटीच्या वाटा वर्षानुवर्षे न चालता पडून राहतात आणि मेमरी संपली, फाइल सापडली नाही किंवा वापरकर्त्याने चुकीचा प्रकार दिला की पहिल्यांदाच चालतात. म्हणून प्रत्येक फंक्शनची मांडणी एकाच साच्यात करावी.

फंक्शनच्या सुरुवातीला मालकीचे सगळे पॉइंटर, पायथनचे आणि सीचे दोन्ही, नल करून घ्यावेत. मध्ये कुठेही रिटर्न करू नये. चूक झाली की गोटूने शेवटच्या साफसफाईच्या खुणेवर जावे. तिथे पायथनच्या पॉइंटरांसाठी पाय_एक्सडेक्रेफ वापरावे, ते नल असले तरी चालते, आणि लायब्ररीच्या पॉइंटरांसाठी नल तपासून लायब्ररीचे सोडणारे फंक्शन बोलवावे. एखाद्या पॉइंटरची मालकी ताबा घेणाऱ्या फंक्शनला दिली की लगेच आपल्या व्हेरिएबलमध्ये नल टाकावे, म्हणजे साफसफाई त्याला पुन्हा हात लावणार नाही. गोटूवर आक्षेप घेणारे भेटतील. इथे त्याला तितका सुरक्षित दुसरा पर्याय सी भाषेत नाही.

स्ट्रक्चरमधील फील्ड रिकामे करताना साधा डेक्रेफ करून मग नल लिहू नये. डेक्रेफ चालू असतानाच वापरकर्त्याचा कोड चालून त्याच फील्डला पाहू शकतो आणि त्याला अर्धवट मेलेला ऑब्जेक्ट दिसतो. पाय_क्लिअर आधी फील्ड नल करते आणि नंतर रेफरन्स सोडते. क्रम एवढाच बदलतो, पण त्यावाचून चालत नाही.

सावधान: पायडिक्ट_गेटआयटम नल देते तेव्हा शोधलेली की (डिक्शनरीतील नोंदीचे नाव) सापडली नाही असाच अर्थ होतो असे नाही, आत झालेली चूक ते गिळून टाकते. चूक वेगळी ओळखायची असेल तर पायडिक्ट_गेटआयटमविथएरर वापरावे आणि नल आल्यास पायएरर_ऑकर्ड तपासावे.

## टप्पा ५: सीचा हँडल पायथनच्या ऑब्जेक्टमध्ये बांधा

कोश_उघडाने दिलेला हँडल पूर्णांक म्हणून पायथनकडे देण्याची युक्ती अजूनही दिसते. ती वापरू नये. पूर्णांकाला नष्ट होण्याचा क्षण नसतो, त्यामुळे कोश_बंद कधी बोलवायचे हे कोणालाच ठाऊक नसते.

छोट्या कामासाठी कॅप्सूल, म्हणजे सीचा पॉइंटर आत ठेवणारा पायथनचा तयार ऑब्जेक्ट, पुरते. पायकॅप्सूल_न्यूला पॉइंटर, एक नाव आणि डिस्ट्रक्टर द्यावा. पॉइंटर नल चालत नाही. नावाची स्ट्रिंग कॅप्सूलपेक्षा जास्त काळ जगली पाहिजे, म्हणून ती स्टॅटिक ठेवावी; स्थानिक अ‍ॅरेमध्ये बनवलेले नाव देणे ही नेहमीची चूक आहे. पॉइंटर परत काढताना तेच नाव द्यावे लागते आणि त्यामुळे भलत्याच प्रकारचा कॅप्सूल आत शिरत नाही.

वापरकर्त्याला मेथड द्यायच्या असतील तर स्वतःचा प्रकार तयार करावा. त्यात हँडलचे फील्ड ठेवावे, बंद करण्याची मेथड उघडपणे द्यावी आणि विथ ब्लॉकसाठी लागणाऱ्या दोन मेथडही द्याव्यात. बंद मेथड चालली की हँडल नल करावा. डीअ‍ॅलॉक फंक्शनने (ते ऑब्जेक्ट नष्ट होताना चालते) हँडल नल नसेल तरच कोश_बंद बोलवावे. आणि बाकीच्या प्रत्येक मेथडने सुरुवातीलाच हँडल नल आहे का ते पाहून व्हॅल्यूएरर उठवावा. यांपैकी एक राहिले तर दोनदा बंद करणे किंवा बंद केलेला कोश वाचणे अटळ आहे.

आता टप्पा २ मधला तक्ता कामी येतो. निकालांच्या यादीतील पॉइंटर कोशाच्या साठ्याकडे पाहतात. निकालाचा वेगळा पायथन ऑब्जेक्ट बनवला तर त्याने कोशाच्या ऑब्जेक्टचा मालकीचा रेफरन्स धरला पाहिजे. नाहीतर वापरकर्ता एका ओळीत कोश उघडून शोध घेईल, निकाल व्हेरिएबलमध्ये ठेवेल, कोशाचा तात्पुरता ऑब्जेक्ट त्याच ओळीअखेर नष्ट होईल आणि निकाल छापताना प्रोग्राम कोसळेल. रेफरन्स धरूनही वापरकर्त्याने मधेच बंद मेथड बोलावली तर काय, हा प्रश्न उरतो. माझा सल्ला असा की निकाल लहान असतील तर त्यांची पायथन स्ट्रिंगमध्ये सरळ प्रत करावी आणि यादी लगेच सोडून द्यावी. प्रत करणे महाग पडते असे मोजून सिद्ध होईपर्यंत हाच मार्ग धरावा.

न्यूमपाय अ‍ॅरेसाठी हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. पायअ‍ॅरे_सिंपलन्यूफ्रॉमडेटा तुमच्या मेमरीवर अ‍ॅरे उभा करते, पण तिची मालकी घेत नाही. त्या मेमरीचा कॅप्सूल करून पायअ‍ॅरे_सेटबेसऑब्जेक्टने अ‍ॅरेला जोडावा. हे फंक्शन कॅप्सूलच्या रेफरन्सचा ताबा घेते. मग शेवटचा अ‍ॅरे आणि त्याचा शेवटचा तुकडा गेल्यावरच डिस्ट्रक्टर चालतो.

तपासणी: एकाच ओळीत उघडा, शोधा आणि निकाल ठेवा, पुढच्या ओळीत जीसी (गार्बेज कलेक्शन, म्हणजे एकमेकांना धरून बसलेले निरुपयोगी ऑब्जेक्ट शोधून सोडणे) मॉड्यूलचे कलेक्ट बोलवा, मग निकाल वाचा. त्यानंतर बंद मेथड दोनदा बोलवा.

## टप्पा ६: मजकूर आणि बफर

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे. इंग्रजी अक्षरांची स्ट्रिंग पायथन एका अक्षराला एक बाइट अशी ठेवतो आणि तोच तुकडा यूटीएफ-८ म्हणूनही चालतो. देवनागरीचे तसे नाही. नमस्कार या शब्दात सात कोड पॉइंट आहेत: न, म, स, हलन्त, क, काना, र. पायथन ते आत प्रत्येकी २ बाइट, म्हणजे १४ बाइटमध्ये ठेवतो. पाययुनिकोड_अ‍ॅझयूटीएफ८ बोलावले की प्रत्येक कोड पॉइंटला ३ याप्रमाणे २१ बाइट आणि शेवटचा शून्य बाइट असा वेगळा तुकडा तयार होतो आणि तो त्याच स्ट्रिंग ऑब्जेक्टमध्ये साठवला जातो. तो तुकडा तुमचा नाही. त्याला फ्री करू नये, आणि स्ट्रिंग ऑब्जेक्ट गेला की तो पॉइंटरही गेला असे धरावे. लांबीसाठी पायथनच्या लेनवर विसंबून सातच बाइट घेतले तर शब्द दोन अक्षरांनंतर, तिसऱ्या अक्षराच्या मधोमध तुटतो. लांबी पाययुनिकोड_अ‍ॅझयूटीएफ८अँडसाइझ कडून घ्यावी.

नेहमी दिसणारी चूक अशी. कोड पायऑब्जेक्ट_गेटअ‍ॅट्रस्ट्रिंगने शब्द हे अ‍ॅट्रिब्यूट घेतो, त्यातून यूटीएफ-८ पॉइंटर काढतो, नवा रेफरन्स सोडायचा हा नियम पाळून लगेच डेक्रेफ करतो आणि मग पॉइंटर कोश_शोधाला देतो. अ‍ॅट्रिब्यूट ऑब्जेक्टमध्येच साठवलेले असेल तर हे वर्षभर निर्धोक चालते, कारण तो ऑब्जेक्ट स्ट्रिंगला जिवंत ठेवतो. पुढे कोणी शब्द हे प्रॉपर्टी म्हणून लिहितो, म्हणजे दर वेळी नवी स्ट्रिंग बनवून देतो, आणि सीच्या फाइलला कोणी हात न लावता ती कोसळू लागते. डेक्रेफ कोश_शोधा परत आल्यानंतरच करावा. लायब्ररी पॉइंटर जपून ठेवत असेल तर स्ट्रिंगचा रेफरन्सही तितकाच काळ जपावा, किंवा लायब्ररीला प्रत करून द्यावी.

आर्ग्युमेंट वाचताना पायआर्ग_पार्सटपलचे एस हे अक्षर उसना पॉइंटर देते, सोडायचे काही नसते. ईएस मात्र नवी मेमरी घेते आणि ती पायमेम_फ्रीने सोडावी लागते. वाय आणि तारा हे चिन्ह पाय_बफर भरते. काम झाल्यावर, त्रुटीच्या वाटेवरही, पायबफर_रिलीज आवश्यक आहे. ते विसरले आणि वापरकर्त्याने बाइटअ‍ॅरे दिलेला असेल तर त्याला पुढे त्याचा आकार बदलता येत नाही आणि बफरएरर येतो. त्या तक्रारीवरून तुमच्या मॉड्यूलपर्यंत कोणी सहज पोहोचणार नाही.

## टप्पा ७: कॉलबॅक आणि गिल

कोश_प्रत्येकला एक सी फंक्शन आणि व्हॉइड पॉइंटर द्यावा लागतो. त्या पॉइंटरमधून पायथनचे फंक्शन पाठवता येते, पण क्रम असा हवा: नोंदणीपूर्वी पाय_न्यूरेफ, नोंदणी, मग वापर, नोंदणी रद्द आणि त्यानंतरच डेक्रेफ. कोश_प्रत्येक काम संपवूनच परत येत असेल तर आर्ग्युमेंटचे रेफरन्स कॉल चालू असेपर्यंत बोलावणाऱ्याने धरलेले असतात आणि एवढ्याची गरज नसते. लायब्ररी कॉलबॅक लक्षात ठेवून नंतर चालवत असेल तर गरज असतेच.

लायब्ररी स्वतःच्या थ्रेडवरून कॉलबॅक चालवत असेल तर कॉलबॅकच्या पहिल्या ओळीत पायगिलस्टेट_एन्शुअर आणि शेवटच्या ओळीत पायगिलस्टेट_रिलीज हवे. गिल हातात नसताना एक इन्क्रेफसुद्धा करू नये. व्हॉइड पॉइंटर मोकळा करण्यासाठी लायब्ररीने मागितलेले फंक्शनही याच नियमात येते. ते छोटे असते, म्हणून त्यात गिल घेणे राहून जाते.

कोश_प्रत्येक आत स्वतःचे लॉक घेत असेल तर ते बोलावण्यापूर्वी गिल सोडावा. नाहीतर एक थ्रेड गिल धरून लायब्ररीच्या लॉकची वाट पाहतो, दुसरा लॉक धरून कॉलबॅकसाठी गिलची वाट पाहतो आणि दोघे कायमचे थांबतात. गिल सोडलेल्या भागात पायथनचा कोणताही ऑब्जेक्ट वाचू नये. लागणारे पॉइंटर आणि लांब्या आधीच काढून ठेवाव्यात, आणि ज्यांतून ते काढले त्यांचे रेफरन्स हातात ठेवावेत.

कॉलबॅकमध्ये पायथनचा अपवाद उठला तर तो सीच्या फ्रेम ओलांडून आपोआप वर जात नाही. त्याच थ्रेडवर काम चालू असेल तर कॉलबॅकने थांब अशी खूण परत करावी, अपवाद तसाच राहू द्यावा आणि कोश_प्रत्येक परत आल्यावर नल परत करावे. परक्या थ्रेडवर असाल तर पायएरर_राइटअनरेझेबल बोलवावे. अपवाद लटकत ठेवून पुढचे एपीआय कॉल करत राहणे सर्वांत वाईट.

जे सीचा एक्सटेन्शन न लिहिता सीटाइप्स, म्हणजे पायथनमधूनच सी लायब्ररी बोलावणारे मॉड्यूल, वापरतात त्यांच्यासाठी थोडक्यात दोन गोष्टी. सीफंकटाइपने बनवलेला कॉलबॅक ऑब्जेक्ट स्वतः व्हेरिएबलमध्ये धरून ठेवावा, लायब्ररी तो धरत नाही. आणि प्रत्येक फंक्शनचा रेसटाइप स्पष्ट लिहावा: तो न लिहिल्यास परतावा इंट समजला जातो आणि ६४ बिट यंत्रावर पॉइंटर छाटला जातो, तो सी_कार_पी लिहिल्यास पायथनला थेट बाइट्सची प्रत मिळते, मूळ पॉइंटर हरवतो आणि ती मेमरी सोडण्याचा मार्ग उरत नाही. सोडायची स्ट्रिंग असेल तर सी_व्हॉइड_पी घ्यावा, स्ट्रिंग_अ‍ॅटने प्रत काढावी आणि मग लायब्ररीचे सोडणारे फंक्शन बोलवावे.

## टप्पा ८: चक्रे तोडण्याची सोय

कोशाच्या ऑब्जेक्टने कॉलबॅक धरला आणि तो कॉलबॅक त्याच कोशावर लिहिलेला क्लोजर असेल, तर दोघे एकमेकांना धरून बसतात आणि काउंट कधीच शून्य होत नाही. ज्या प्रकारात वापरकर्त्याने दिलेला कोणताही ऑब्जेक्ट साठतो, त्याला जीसीचा फ्लॅग, ट्रॅव्हर्स आणि क्लिअर ही दोन फंक्शने द्यावीत. ट्रॅव्हर्समध्ये मालकीचे प्रत्येक फील्ड दाखवावे, मालकीचे नसलेले एकही दाखवू नये.

डीअ‍ॅलॉकचा क्रम ठरलेला आहे: आधी पायऑब्जेक्ट_जीसी_अनट्रॅक, मग फील्ड पाय_क्लिअर, मग कोश_बंद, मग प्रकार एका व्हेरिएबलमध्ये घेऊन टीपी_फ्री आणि शेवटी त्या प्रकारावर डेक्रेफ. लायब्ररीने कॉलबॅक लक्षात ठेवलेला असेल तर मात्र त्याची नोंदणी फील्ड रिकामी करण्याआधी रद्द करावी. हीच काळजी क्लिअर फंक्शनमध्येही घ्यावी. शेवटची डेक्रेफची पायरी फक्त रनटाइमला तयार केलेल्या, म्हणजे हीप प्रकारांसाठी आहे: ३.८ पासून अशा प्रकारांचे ऑब्जेक्ट आपल्या प्रकाराचाही रेफरन्स धरतात. ३.९ पासून ट्रॅव्हर्समध्येही तो प्रकार दाखवावा लागतो. जुन्या लेखांतून उचललेल्या कोडमध्ये हे नसते.

## टप्पा ९: पडताळणी

चाचणीसाठी नन, ट्रू, फॉल्स किंवा लहान पूर्णांक कधीही वापरू नयेत. ३.१२ पासून हे ऑब्जेक्ट अमर आहेत. त्यांच्यावर कितीही जास्तीचे डेक्रेफ केले तरी काउंट हलत नाही. उणे ५ ते २५६ हे पूर्णांक त्याआधीही सामायिकच होते आणि त्यांच्यावरची चूक सहज झाकली जात असे. चाचणीत दर वेळी नवी बनवलेली लांब स्ट्रिंग किंवा स्वतःच्या क्लासचा ऑब्जेक्ट द्यावा.

मग डीबग बिल्डवर प्रत्येक फंक्शन आधी काही वेळा असेच चालवून घ्यावे, म्हणजे आतले कॅश भरतात. गेटटोटलरेफकाउंट नोंदवावा, तेच फंक्शन हजार वेळा चालवावे आणि पुन्हा नोंदवावे. फरक हजाराच्या पटीत आला तर प्रत्येक कॉलमागे गळती आहे. दहा-वीसचा फरक आला तर पुन्हा चालवून पाहावे, तो सहसा वाढत नाही. एका ऑब्जेक्टचा काउंट सिस मॉड्यूलच्या गेटरेफकाउंटने पाहता येतो, मात्र त्यात त्या कॉलचा स्वतःचा तात्पुरता रेफरन्स बहुधा मिळवलेला असतो.

हीच चाचणी त्रुटीच्या प्रत्येक वाटेवर वेगळी करावी: चुकीचा प्रकार, नसलेली फाइल, अपवाद उठवणारा कॉलबॅक, मधेच बंद केलेला कोश. वर सांगितल्याप्रमाणे गळती बहुतेक वेळा इथेच निघते.

ट्रेसमॅलॉक या मॉड्यूलवर एकट्यावर विसंबू नये. त्याला पायथनच्या वाटप फंक्शनांतून गेलेली मेमरीच दिसते. कोश लायब्ररीने मॅलॉकने घेतलेली यादी त्याच्या हिशेबात येत नाही. टोटल रेफकाउंट स्थिर आहे, ट्रेसमॅलॉक स्थिर आहे आणि तरी प्रक्रियेची मेमरी वाढत आहे, असे दिसले तर चूक सीच्या बाजूला आहे आणि कोश_यादी_सोडा कुठे राहिले ते शोधावे. सॅनिटायझरची गळती तपासणी त्यासाठी चालू करावी. इंटरप्रिटर बंद होताना स्वतःची काही मेमरी मागे ठेवतो, म्हणून अहवालातील ज्या नोंदींच्या कॉल स्टॅकमध्ये तुमच्या मॉड्यूलचे किंवा लायब्ररीचे नाव आहे तेवढ्याच पाहाव्यात.